कलेक्टरच्या आदेशाने आत गेला, तर आधी कागद बघा

आजचा विषय जरा अवघड आहे, पण गेल्या महिन्यात तो आमच्या गटाच्या बैठकीतच निघाला.

एका ताईंनी वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर पोराच्या जामिनाला. पोरगा हातभट्टीच्या धंद्यातला. त्याच भट्ट्यांविरुद्ध आम्ही बायकांनी पोलीस ठाण्यात निवेदनं दिलेली, म्हणून बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "बरं झालं, राहू दे आत." आम्ही आधी कागद बघायला मागितला. त्यावर अटक नव्हती, 'स्थानबद्ध' लिहिलं होतं. आणि या आदेशावर जामीन मिळत नाही. ते वीस हजार कुणाच्या तरी खिशात गेले असते!

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. स्थानबद्धतेत तसं नाही. हा पुढे काही करील, म्हणून त्याला आधीच आत ठेवतात. आपल्या राज्यात त्यासाठी १९८१ चा कायदा आहे, पेपरात 'एमपीडीए' म्हणून छापून येतो तोच. हातभट्टीवाले, झोपडपट्टीगुंड, धोकादायक व्यक्ती यांच्यासाठी तो केला. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतात आणि खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत माणूस आत राहू शकतो. म्हणूनच राज्यघटनेच्या कलम २२ ने या अधिकाराला वेसण घातली आहे.

पहिला हक्क कारणं कळण्याचा. आत घेतल्यापासून पाच दिवसांत कारणं द्यावी लागतात, ज्या कागदांवर आदेश काढला त्यांच्या प्रतींसह, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत. १९६२ साली नागपूरच्या एका माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याला कारणं इंग्रजीत दिली, त्याने हिंदीत मागितली. आम्ही तोंडी समजावून सांगितलं, असं सरकारचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं नाही, त्याला सोडलं. साक्षीदारांची नावं मात्र झाकलेली असू शकतात. निवेदनावर सही करताना आपल्यालाही तशीच भीती वाटते, तेव्हा त्यात नवल नाही.

दुसरा हक्क उत्तर देण्याचा. आदेश चुकीचा आहे, असा अर्ज तुरुंगातूनच करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला राज्य सरकारने बारा दिवसांत मंजुरी द्यावी लागते, नाहीतर तो संपतो. मंजुरी येण्याआधी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येतो, म्हणून पहिले दिवस महत्त्वाचे. सरकारने अर्ज उगाच लांबवला आणि उशिराचं कारण देता आलं नाही, तर तेवढ्यावरही कोर्टांनी आदेश रद्द केले आहेत.

तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. तिथे आपलं म्हणणं समक्ष मांडायचं असेल तर तसं सांगावं. वकील नेण्याचा हक्क तिथे नाही, हे आम्हाला खटकतं. पण वकील नसलेल्या जाणत्या माणसाची मदत घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली सांगितलं आहे. मंडळ सात आठवड्यांत अहवाल देतं. पुरेसं कारण नाही असं त्यांचं मत पडलं, तर सरकारला सोडावंच लागतं.

याशिवाय उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. त्याला वकील लागतो, पण कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तो सरकारी खर्चाने मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा.

आमच्या ताईंना कर्ज दिलं नाही. दोघी जणी त्यांच्यासोबत विधी सेवेच्या वकिलांकडे गेलो. "राहू दे आत" म्हणणारी त्यातली एक. तिचं मत अजून तेच आहे, पण तारखा वहीत तिनेच लिहून घेतल्या: कधी धरलं, कारणं कधी हातात पडली, अर्ज कधी दिला. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्काही तिनेच मागून घेतला.