सरकार भोपाळचं, बाजार नागपूरचा

पेठेची गोष्ट : लेखांक ६

पोळ्याच्या आठवड्यात सौंसरच्या बाजारात लाकडी बैल उतरतात. मुठीत मावणारे असतात, पोराच्या कमरेला लागणारेही असतात. पायांखाली फळी, फळीला चाकं, शिंगांना चमकी. गेल्या पोळ्याला अशाच एका दुकानापाशी उभा होतो. एक आजी नातवाला घेऊन आल्या. मधल्या आकाराचा बैल उचलला, उलटा केला, चारही चाकं बोटानं फिरवून पाहिली. एक अडत होतं, म्हणून तो ठेवून दुसरा घेतला. नातवाच्या अंगात कोरा करकरीत शर्ट. दुकानदारानं सहज विचारलं, "शर्ट कुठून घेतला, माय?" आजी म्हणाल्या, "बर्डीवरून," आणि बैलाचे वीस रुपये कमी करून घेण्याच्या कामाला लागल्या.

त्या गेल्यावर दुकानदार माझ्याकडे वळला. "पाहा भाऊ. शर्टाले नागपूर, बैलाले सौंसर. नगदीचं गिऱ्हाईक तिकडं जाते, उधारीचं इकडं येते."

मागच्या आठवड्यात आपण आठवडी बाजार पाहिला. आज पक्क्या दुकानांची पेठ, आणि तिच्यातलं गिऱ्हाईक ओढून नेणारं मोठं शहर.

हा दुकानदार जे म्हणाला ते अमेरिकेत विल्यम रायली नावाच्या प्राध्यापकानं १९३१ साली गणितात मांडलं. दोन शहरांच्या मधे राहणारा माणूस खरेदीला कुठे जाईल? रायलीनं न्यूटनचं गुरुत्वाकर्षण उसनं घेतलं : लोकसंख्या जितकी जास्त तितकी ओढ जास्त, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई. आपल्याकडची माणसं हे सूत्र न शिकताच वापरतात, पण सौंसरच्या दोन बाजूंच्या दोन शहरांचे आकडे एकदा घालून पाहायला हरकत नाही. २०११च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांचं, छिंदवाडा पावणेदोन लाखांच्या आसपास. दोघांमधलं अंतर सव्वाशे किलोमीटर धरू. गणित केलं तर दोन्ही ओढी सारख्या होण्याची जागा छिंदवाड्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर येते. म्हणजे घाट उतरायच्या आतच छिंदवाड्याचा बाजार संपतो. सौंसर त्याच्या कितीतरी खाली आहे. इथे उभं राहून मोजलं तर नागपूरची ओढ छिंदवाड्याच्या दहा-बारा पट भरते.

रायलीच्या सूत्रात एक पळवाट मात्र आहे, आणि पेठेचं पोट तिच्यावरच चालतं. ज्या मालात दहा नमुने पाहून एक निवडायचा असतो तो माल त्याच्या हिशेबात होता : लग्नाचे कपडे, दागिने, फर्निचर. मिठाची पुडी आणायला कोणी पासष्ट किलोमीटर जात नाही. ठिबकच्या नळीचा जोड तुटला आणि संत्र्याच्या बागेला पाणी थांबलं, तर शेतकरी बर्डीवर जात नाही. कृषी केंद्र, औषधाचं दुकान, किराणा, मोटारपंप दुरुस्ती, सलून, लाकडी बैल हे सगळं सौंसरचं. शर्ट नागपूरचा.

त्यात आमच्याकडे एक जादा गुंता आहे, जो रायलीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६च्या आधी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. हायकोर्ट नागपूरला, कॉलेज नागपूरला, कापड नागपूरला. सौंसरच्या माणसाला एकच दिशा होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि सावनेरच्या पुढे कुठेतरी एक रेघ पडली. बोली दोन्हीकडे तीच, सोयरीक दोन्हीकडे, पण कागद भोपाळचा. तेव्हापासून सरकार एका दिशेला आणि बाजार दुसऱ्या.

ही रेघ दुकानदाराला जेवढी लागली तेवढी गिऱ्हाइकाला कधी लागली नाही. नागपूरच्या इतवारीतून ठोक माल आणायचा तर तो परराज्यातला माल. सी फॉर्म लावूनही दोन टक्के केंद्रीय विक्रीकर, तो पुढच्या करात वळता होत नाही, आणि वर मध्य प्रदेशाचा प्रवेश कर. गिऱ्हाईक मात्र तीच साडी पिशवीत घालून बसनं घरी आणतं. त्याला कोणी नाक्यावर उतरवत नाही. एकाच गल्लीतली एकच साडी, दुकानदारानं आणली तर महाग, गिऱ्हाइकानं आणली तर स्वस्त. जुलै २०१७ला जीएसटी आला आणि हा फरक गेला. जीएसटीला शिव्या देणारे दुकानदार मला पुष्कळ भेटतात, रिटर्न भरायच्या कटकटीपायी त्या रास्तही आहेत, पण सीमेवरच्या पेठेचं हे जुनं दुखणं त्यानंच काढलं, हेही म्हटलं पाहिजे.

त्याच सुमाराला रेल्वेची कथा चालली होती. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन, नॅरोगेज. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत शंभरेक वर्षं रमतगमत चालली. २०१५च्या अखेरीला गेज बदलासाठी ती बंद झाली आणि काही वर्षं रूळच नव्हते. मोठी लाइन झाली, गाडी पुन्हा आली, पण मधल्या वर्षांत लोकांचे पाय बसला आणि मोटारसायकलला लागले होते. छोट्या गाडीत सकाळी नागपूरला जाणं म्हणजे अख्खा दिवस. आता दुपारी जेवून निघालेला पोरगा दिवेलागणीला नवे बूट घालून घरी येतो. रस्ता चांगला झाला की तो दोन्ही बाजूंनी चांगला होतो, असं आपण धरून चालतो. रायलीचं गणित तसं म्हणत नाही. अंतर घटलं की मोठ्याचीच ओढ जास्त वाढते.

मग पेठेनं करावं काय? इथे थोडं लांब जाऊ, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलामाझू नावाच्या गावी. वस्ती सत्तर-पंचाहत्तर हजारांची, म्हणजे पांढुर्ण्याच्या थोरल्या भावासारखं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरोघरी मोटारी आल्या, माणसं गावाबाहेर राहायला गेली, आणि मोकळ्या जागेत फुकट पार्किंगची दुकानं उघडली. गावातल्या व्यापाऱ्यांनी घाबरून व्हिक्टर ग्रूएन नावाच्या वास्तुविशारदाला बोलावलं. हा मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ साली हिटलरच्या भीतीनं पळून आलेला. गंमत म्हणजे मिनियापोलिसजवळचा साउथडेल हा वातानुकूलित, छताखालचा पहिला मॉल यानंच बांधला होता, १९५६ साली. ज्यानं रोग पसरवला त्यालाच वैद्य म्हणून बोलावलं, म्हणा ना.

ग्रूएनची योजना मोठी होती. गावाभोवती वर्तुळाकार रस्ता, त्याला लागून मोटारी ठेवायच्या इमारती, आणि आत मधली पेठ फक्त चालणाऱ्यांची. पैशाच्या हिशेबात पहिल्या दोन गोष्टी राहिल्या. झाली ती तिसरी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात देखणी : ऑगस्ट १९५९मध्ये बर्डिक स्ट्रीट मोटारींना बंद झाला, तिथे झाडं, बाकं, कारंजी आली. अमेरिकाभर कौतुक झालं, दोनेकशे गावांनी नक्कल केली. पण गाडी कुठे लावायची, हा प्रश्न जिथल्या तिथे. १९८०मध्ये शेजारच्या पोर्टेज गावात मोठा मॉल उघडला आणि बर्डिक स्ट्रीटवरची मोठी दुकानं एकेक करून मिटली. १९९८मध्ये त्या रस्त्याच्या काही भागावर पुन्हा मोटारी सोडल्या. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोनं १९६४मध्ये बंद केलेला रस्ता २०१७मध्ये उघडला. ग्रूएन म्हातारपणी व्हिएन्नाला परतला, तर काही वर्षांनी त्याच्या गावाच्या वेशीवरच एक भलाथोरला मॉल उभा राहिला.

कॅलामाझूची मधली पेठ आज मेलेली नाही, आणि ती कारंज्यांनी जगवली नाही. गावातलं मोठं इस्पितळ गावातच राहिलं. कम्युनिटी कॉलेजनं मध्यभागी वर्ग आणि संग्रहालय उघडलं. म्हणजे खरेदी सोडून दुसऱ्या कामासाठी माणूस पेठेत येत राहिला, आणि आलाच आहे तर काहीतरी घेऊन गेला. दुकानदाराला गिऱ्हाईक बनवता येत नाही. समोरून जाणाऱ्याला थांबवता येतं. पण आधी कोणीतरी समोरून जायला हवं.

हे ध्यानात ठेवून आपल्याकडच्या पुनर्विकासाकडे पाहा. आपल्याकडे पेठेचा विकास म्हणजे शॉपिंग कॉम्प्लेक्स. नगरपालिकेची जागा, खाली एक रांग, वर एक रांग, मधे अंधारा जिना. दुकानांचा लिलाव होतो. बोली लागते ती एकरकमी प्रीमियमवर; महिन्याचं भाडं त्या मानानं किरकोळ. खालची रांग चढ्या भावानं जाते, वरची कोणी घेत नाही. घेतली तरी तिथे कोचिंग क्लास, नाही तर कुलूप. अशाच एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, वरच्या गाळ्यांत कोणीतरी कांदा ठेवला होता. मी बैलवाल्याला विचारलं होतं, नवं कॉम्प्लेक्स झालं तर गाळा घेशील का. तो म्हणाला, "वरचा? बैल घेऊन पायऱ्या चढाले लावाल तर ते म्हातारी येते का, भाऊ?"

पण दोष जिन्याचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. प्रीमियमचे पैसे पालिकेला पहिल्या दिवशी मिळतात, दुकान चालो न चालो. पुढची तीस वर्षं तिथे धंदा झाला काय अन् नाही झाला काय, तिजोरीला फरक पडत नाही. ज्यानं गाळा घेतला तो थोड्याच वर्षांत पोटभाडेकरू घालतो, पालिकेला शेकड्यांत भरतो आणि हजारांत वसूल करतो. मुंबईच्या पागडीचीच ही धाकटी बहीण.

अमेरिकेत याच्या उलट एक तऱ्हा आहे. पेठेचा एक पट्टा ठरवतात आणि आजचा मालमत्ता कर गोठवतात. पुढे धंदा वाढला, इमारतींची किंमत वाढली, तर वाढीव कर त्याच पट्ट्यावर खर्च होतो. बहुतेकदा त्या वाढीच्या भरवशावर आधीच कर्ज काढून रस्ते-गटारं करतात. कॅलिफोर्नियानं १९५२मध्ये ही सुरुवात केली. तिचेही गैरवापर झाले. धडधाकट वस्त्यांना 'मोडकळीस आलेली' ठरवलं गेलं, शाळांच्या वाट्याचा कर पेठेत जिरला, आणि शेवटी २०१२मध्ये कॅलिफोर्नियानंच आपल्या पुनर्विकास संस्था बंद केल्या. तेव्हा ते डोळे मिटून आणा, असं मी म्हणत नाही. एवढंच की तिथे दुकान चाललं तरच पालिकेचे पैसे परत येतात. आपल्याकडे लिलावाच्या संध्याकाळी पालिकेचा त्या इमारतीशी संबंध संपतो.

आता आपल्या दाराशी आलेली गोष्ट. २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला; मुख्यालय पांढुर्णा. घोषणा झाली ती सौंसरजवळच्या जामसावळीत, हनुमान लोकाच्या भूमिपूजनाच्या वेळी. नवा जिल्हा म्हणजे कलेक्टर कचेरी, एसपी ऑफिस, खजिना, आणि या सगळ्यांत रोज फेऱ्या घालणारी माणसं. एक माणूस नामांतरणाच्या कागदासाठी आला की झेरॉक्स काढतो, चहा पितो, स्टॅम्प घेतो, तारीख पुढे गेली म्हणून चरफडत पोरांसाठी केळी घेतो. ही माणसं पेठेतून चालत जाणार की महामार्गालगतच्या कंपाउंडात उतरून तिथूनच परत जाणार, हे कचेरीच्या इमारतीची जागा ठरवते. मोकळ्या माळावर जमीन सहज मिळते, नकाशा सुबक निघतो, गाड्यांना जागा असते. मग कंपाउंडाबाहेर टपऱ्यांची नवी पेठ उभी राहते आणि चार वर्षांनी अतिक्रमण म्हणून तिच्यावर जेसीबी येतो.

जामसावळीच्या हनुमानाचं तर आणखी नवल. शनिवारी-मंगळवारी नागपूरच्या गाड्यांची रांग लागते. रायलीच्या ओढीच्या नेमकी उलट वाहणारी ही एकच नदी. पण मी पाहतो त्यातल्या बहुतेक गाड्या दर्शन घेऊन, नारळ-प्रसाद तिथेच घेऊन, आल्या वाटेनं परत फिरतात. संत्र्याच्या हंगामात त्यातल्या निम्म्या जरी सौंसरच्या पेठेत वळल्या, तरी फळवाल्यांचे दिवस पालटतील. वळत नाहीत, कारण वळावं असं त्यांना कोणी सांगत नाही, आणि वळलंच तर गाडी कुठे लावायची? पुन्हा कॅलामाझूच.

राहिली उधारी. बैलवाल्यानं ती तक्रारीच्या सुरात सांगितली, पण नागपूरच्या कुठल्याही मॉलला न जमणारी ती एकच गोष्ट त्याच्याकडे आहे. आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो, मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या महिन्यांत खत, औषध, किराणा, पोरांची पुस्तकं सगळं वहीवर. बागेचा ठेकेदार पैसे बुडवून गेला की त्या वर्षी वही फुगते, आणि ती दुकानदार सोसतो. ज्याची वही एका दुकानात आहे तो दुसऱ्या दुकानात रोखीनं घेतानाही जरा चोरट्यासारखा घेतो. शर्ट नागपूरला घ्यायचं तेही एक कारण असावं. या वहीचं व्याज कोण भरतं आणि ते मालाच्या भावात कसं मुरतं, ते पुढच्या आठवड्यात.