नव्वद टक्क्यांनाही जागा का नाही?

आपल्या ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी अंकासाठी शिक्षणाविषयी चार शब्द लिहावेत, अशी चालक मंडळींची इच्छा झाली. आम्ही पेशाने शिक्षक. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पालक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "सर, मुलाला नव्वद टक्के मिळाले, मग चांगल्या कॉलेजात जागा का नाही?" त्याचे उत्तर येथे देत आहोत.

इच्छापोरहून तापी ओलांडून पलीकडे गेले की इच्छानाथ येथे 1961 साली निघालेले इंजिनिअरिंग कॉलेज आहे. 2002 साली त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. आपल्या मुलांच्या दृष्टीने ते घराशेजारचे कॉलेज; परंतु तेथील जागांसाठी साऱ्या हिंदुस्थानातील मुले परीक्षेस बसतात. ही परीक्षा म्हणजे जेईई मेन. 2024 साली तिला 14 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतील वरच्या अडीच लाखांस पुढील परीक्षेस, म्हणजे अॅडव्हान्स्डला, बसण्याची मुभा होती. सर्व 23 आयआयटींत मिळून जागा होत्या 17,740. म्हणजे पहिल्या पायरीवरील सुमारे ऐंशी मुलांमागे एक जागा!

वैद्यकीयची स्थिती याहून सोपी नाही. 2024 च्या नीट परीक्षेस 23 लाखांवर विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक, आणि माफक फीच्या सरकारी जागा त्यांच्या निम्म्याच्या आसपास. त्या वर्षी सुधारित निकालात 17 विद्यार्थ्यांस 720 पैकी 720 गुण होते. जेथे पैकीच्या पैकी गुण घेणारेही एकाहून अधिक असतात, तेथे दोन-चार प्रश्न चुकल्याने मूल हजारोंच्या मागे पडते.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. जेईई मेनच्या निकालात '98' आकडा दिसला की घरात पेढे वाटतात. पण तो आकडा टक्क्यांचा नव्हे, पर्सेंटाइलचा. शंभरांतील अठ्ठ्याण्णव जण आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले दोन टक्के म्हणजे चौदा लाखांत 28 हजार मुले पुढे! ही परीक्षा पास-नापासाची नाही, निवडीची आहे. मुलाला किती येते याहून त्याच्या पुढे किती आहेत, हे ती पाहते. म्हणून जागा न मिळालेला मुलगा 'ढ' ठरत नाही. गर्दी वाढली याचे एक कारण तर आनंदाचेच आहे. ज्या घरांत पूर्वी मॅट्रिकपलीकडे कोणी गेले नव्हते, त्या घरांतील मुलेमुलीही आता रांगेत उभी आहेत.

मग पालकांनी काय करावे? आमच्या मते चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, राज्याचा हक्क. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांच्या असतात, आणि राज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून. जन्म सुरतेचा असला तरी शिकवणीसाठी कोट्यास पाठवलेल्या मुलाने बारावी राजस्थानातून दिली, तर इच्छानाथच्या कॉलेजातील गुजरातचा वाटा तो गमावतो. मामाकडे धुळ्या-जळगावला ठेवलेल्या मुलाचेही तसेच. वैद्यकीयच्या सरकारी कॉलेजांतील 85 टक्के जागाही राज्ये आपापल्या नियमांनी भरतात. तेव्हा अकरावीला मूल बाहेरगावी धाडण्यापूर्वी नियम वाचावा.

दुसरी, दाखले. इतर मागासवर्गीयांचा नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा लागतो. निकालानंतर कचेरीत धाव घेणाऱ्याची जागा हातची जाण्याची भीती असते.

तिसरी, भाषा. जेईई मेन मराठीतून व गुजरातीतून देता येते, परंतु अॅडव्हान्स्ड केवळ इंग्रजी किंवा हिंदीतून. मातृभाषेत शिकणाऱ्या मुलांस शास्त्रातील इंग्रजी संज्ञांची ओळख आठवी-नववीपासूनच करून द्यावी.

चौथी, मुली. 2018 सालापासून आयआयटी व राष्ट्रीय संस्थांत मुलींसाठी वाढीव जागा ठेवलेल्या आहेत. मुलीला फॉर्म भरू न देणे म्हणजे घरी आलेला हक्क परत पाठवणे होय.

एवढे करूनही पुष्कळ गुणी मुलांस पहिल्या पसंतीची जागा मिळणार नाही. आकडेच तसे सांगतात. म्हणून एकाच परीक्षेवर मुलाचे सारे आयुष्य टांगू नये. राज्यातील सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजे, विज्ञानाची पदवी, फार्मसी, पॉलिटेक्निक यांचे फॉर्मही वेळेवर भरून ठेवावेत. हे मार्ग कमीपणाचे नाहीत. निकालाच्या दिवशी शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलाचे मन मोडू नये. त्या दिवशी त्याला घरचा आधार सर्वांत अधिक लागतो.

आपला ट्रस्ट गुणवंतांचा सत्कार करतो, हे योग्यच आहे. आमची विनंती एवढीच की, थोडक्यात जागा हुकलेल्या मुलांसही हाक मारावी. फॉर्म भरताना कोणी जाणता माणूस शेजारी बसावा, दाखल्यांच्या तारखांची आठवण घरोघर पोचावी, आणि पहिल्या वर्षाच्या फीस हातभार लागावा. हार-तुऱ्यांच्या खर्चाहून हा खर्च फार मोठा होणार नाही, आणि एखाद्या कुटुंबाची दिशा मात्र त्याने बदलेल.