न दिसणारी धूळ

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील भैंसा हे कापसाचे गाव. जिनिंगमध्ये उडणारे रुईचे कण डोळ्यांना दिसतात, म्हणून कामगार नाकाला फडके बांधतो. (तेही निरुपद्रवी नव्हेत.) पण छपरावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो कोरडा कापला की त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात; ते दिसत नाहीत, फडक्याने अडत नाहीत, आणि फुप्फुसाचा विकार बहुधा वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून निदान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. पत्रा उतरविताना तो आधी भिजवावा, न फोडता अखंड काढावा. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. ते धुणाऱ्या गृहिणींनाही हा रोग झालेला आहे.