तेरणेचे पाणी आणि कोरिंगाचे रान

ऑक्टोबर २०२० मधला तो पाऊस आपल्या ढोकीकडे कोण विसरेल? काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, गंजी भिजल्या, शेंगांतच कोंब फुटले. तो पाऊस आला होता बंगालच्या उपसागरातून. १३ ऑक्टोबरला ते वादळ आंध्रात काकीनाडाजवळ किनाऱ्यावर चढले आणि तेलंगणातून आपल्याकडे सरकले.

आता गंमत पाहा. आपल्या तेरणेचे पाणी माकणीच्या धरणातून पुढे मांजरेत जाते, मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरीची एक शाखा समुद्राला भेटते ती त्याच काकीनाडाजवळ! तेथे कोरिंगा नावाचे खारफुटीचे मोठे रान आहे. १९७८ साली त्याचे अभयारण्य झाले.

खारफुटी म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात, चिखलात वाढणारी झाडे. कोकणात त्यांतल्या एका झाडाला तिवर म्हणतात. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. काही जातींचे बी झाडावरच रुजते आणि खाली पडते ते रोप होऊनच. आपल्या सोयाबीनला जी आपत्ती, ती त्या झाडांची रीत!

या दाट मुळांमुळे लाटांचा जोर मोडतो, किनारा धरून राहतो, मासळी-कोळंबीची पिल्ले त्यांच्या आडोशाला वाढतात. पाऊस मात्र ही झाडे अडवीत नाहीत. ते आपण भोगलेच आहे. मग आपला संबंध काय? समुद्र तापला की वादळात वाफ अधिक भरते आणि पाऊस बेताल पडतो. हवा तापवणारा कार्बन वायू ही झाडे ओढून घेतात. त्यांचा पालापाचोळा बिनहवेच्या चिखलात लवकर कुजत नाही, त्यामुळे तो कार्बन शतकानुशतके तेथेच पुरलेला राहतो. एकरी हिशेबाने हा साठा डोंगरावरच्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त भरतो. रान तोडून कोळंबीची तळी खोदली, की तोच साठा पुन्हा हवेत जातो.

हे रान जगते वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर आणि गाळावर. धरणांत गाळ अडू लागल्यापासून गोदावरीच्या मुखाशी किनारा ठिकठिकाणी झिजतो आहे. आता धरणे नकोत असे टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला कोण सांगणार? मीही सांगत नाही. पण तळ्या-धरणांतला गाळ उपसून आपण शेतात टाकतो, तेव्हा त्याची वाट पाहणारे आणखी कोणी खाली आहे, एवढे ठाऊक असावे.

आंध्राकडे यात्रेला गेलात तर कोरिंगाला अवश्य थांबा. रानातून लाकडी पायवाट केलेली आहे. ओहोटीच्या वेळी जा, म्हणजे मुळे दिसतील.