मूल टिकणाऱ्या माणसावर विसंबतं

लहानपणी आघात सोसलेलं मूल पुढे कुणावर विश्वास ठेवूच शकत नाही, हा समज चुकीचा आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये एका अभ्यासासाठी अनाथालयांतल्या 136 बालकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, कुटुंबांत सांभाळायला दिलं. साडेतीन वर्षांच्या वयात त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं सांभाळणाऱ्याशी सुरक्षित नातं जुळलं होतं. नेहमीच्या व्यवस्थेत ठेवलेल्या उरलेल्यांत हे प्रमाण पाचांत एकाहूनही कमी होतं. वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना लाभ अधिक झाला, म्हणून मोठ्या मुलांवर पाणी सोडायचं का? मुळीच नाही. त्यांना वेळ जास्त लागतो, ती आधी चिडून, दूर लोटून आपली परीक्षा पाहतात; तेव्हाही तोच माणूस रोज तसाच वागला पाहिजे.

म्हणूनच जळगाव-धुळ्यातल्या अनाथ मुलाला, शक्य असेल तिथे, वसतिगृहाआधी मावशी-काकांचं घर मिळावं. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा.