मर्जीतला मेन्शिकोव्ह

ऑक्टोबर १७१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर आयझॅक न्यूटन यांनी रशियातल्या एका सरदाराला लॅटिनमध्ये पत्र पाठवलं. आपल्याला सोसायटीचं सभासद करून घेताना आम्हाला आनंद होतो आहे, असा त्याचा आशय. सोसायटीचा हा पहिला रशियन सभासद. गंमत अशी, की या सभासदाला धड लिहितावाचता येत होतं की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याच्या कचेरीतून सुटलेली हजारो पत्रं शिल्लक आहेत. मजकूर सगळा कारकुनांच्या हातचा. त्याची स्वतःची म्हणावी अशी फक्त खालची सही.

अलेक्सांद्र दानिलोविच मेन्शिकोव्ह हे त्याचं नाव. या गृहस्थाने मला कित्येक वर्षं नादी लावलं आहे, आणि त्याला कारण सोव्हिएत पुस्तकं. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांत किरकोळ पैशांत जाडजूड रशियन पुस्तकं मिळत, त्या काळात अलेक्सेई टॉलस्टॉयची ‘पीटर द फर्स्ट’ ही कादंबरी इंग्रजी अनुवादात हाती लागली. (हा टॉलस्टॉय वेगळा, ‘युद्ध आणि शांती’वाला नव्हे.) १९४५ मध्ये लेखक वारला आणि कादंबरी अपुरीच राहिली. पण तिच्यातला मॉस्कोच्या रस्त्यांवर पिरोगी (सारण भरलेले पाव) विकणारा, चलाख, उचलेगिरीत तरबेज अलेक्साश्का डोक्यातून जाईना. पुढे याचं काय झालं, हे शोधता शोधता पीटर बाजूलाच राहिला आणि मी त्याच्या हुजऱ्याच्या मागे लागलो.

पिरोगी विकण्याची गोष्ट खरी की खोटी, हा वेगळा वाद. पुढे प्रिन्स झालेल्या माणसाला आणि त्याच्या वंशजांना ती अर्थातच रुचणारी नव्हती. पण त्याच्या हयातीतही लोक ती सांगत. एक आख्यायिका मला फार आवडते. पीटर एकदा भयंकर चिडला आणि म्हणाला, तुला पुन्हा पिरोगी विकायला पाठवतो. मेन्शिकोव्ह तडक बाहेर गेला, एका विक्रेत्याची पेटी गळ्यात अडकवून आला आणि ‘पिरोगी घ्या, गरम पिरोगी’ अशी आरोळी ठोकू लागला. झारला हसू आवरेना. राग तिथेच विरघळला. हे घडलं नसेलही. पण दरबारात तीस वर्षं टिकायला काय अंगी लागतं, ते या गोष्टीत नेमकं आलं आहे.

आता पार्श्वभूमी उरकून घेऊ. पीटर १६७२ चा. दहाव्या वर्षी सावत्र भाऊ इव्हानबरोबर गादीवर बसला, १६८९ मध्ये सावत्र बहीण सोफियाला मठात धाडून मोकळा झाला, १७०० ते १७२१ स्वीडनशी लढला, १७०३ मध्ये पीटर्सबर्ग वसवलं, दाढ्या कापल्या, आरमार उभारलं, १७२१ मध्ये सम्राट ही पदवी घेतली. बाकीचं कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळेल.

मेन्शिकोव्ह पीटरपेक्षा एका वर्षाने लहान. बाप राजाच्या पागेत नोकर. पोरगा कोवळ्या वयातच पीटरच्या खासगीत हुजऱ्या म्हणून लागला आणि मग सावलीसारखा त्याच्याबरोबर राहिला. पीटरला कारणं ऐकायची सवय नव्हती, काम झालेलं हवं असे. हा माणूस काम करून यायचा. १६९७ मध्ये राजा ॲमस्टरडॅमला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत सुतारकी शिकू लागला, तेव्हा हाही हातात कुऱ्हाड घेऊन उभा. पुढच्या वर्षी स्त्रेल्त्सी या बंडखोर शिपायांची मुंडकी उडवायची वेळ आली, आणि दरबाऱ्यांनी स्वतःच्या हाताने ती उडवावीत अशी झारची इच्छा झाली. अनेकांचे हात थरथरले. अलेक्साश्काने मात्र वीस जणांची डोकी आपण उडवल्याची फुशारकी मारली, असं ऑस्ट्रियाच्या वकिलातीचा चिटणीस कोर्ब लिहून गेला आहे. मर्जी राखण्याची ही दुसरी बाजू. पिरोगीवाल्या गोष्टीवर हसताना ती विसरून चालत नाही.

नुसत्या हुजरेगिरीवर तो वर आला, हे मात्र मला पटत नाही. लढाईत तो खरोखर मर्द होता. मे १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी होड्यांतून चढाई करून दोन स्वीडिश जहाजं पकडली, तेव्हा पीटर आणि मेन्शिकोव्ह दोघांनाही सेंट अँड्र्यूचा सन्मान मिळाला. नव्या पीटर्सबर्गचा तो पहिला गव्हर्नर. १७०६ मध्ये कालिशची लढाई त्याने जिंकली. १७०९ मध्ये पोल्ताव्हाला त्याच्या अंगाखाली तीन घोडे मेले; तीन दिवसांनी पेरेव्होलोच्नाला उरलेली स्वीडिश फौज त्याच्यापुढेच शरण आली. अर्थात १७०८ मध्ये युक्रेनमधलं बातुरिन घेतल्यावर तिथल्या रहिवाशांची जी कत्तल झाली, तीही त्याच्याच खाती आहे.

याच युद्धात त्याच्या नशिबाची दुसरी दोरी सापडली. ऑगस्ट १७०२ मध्ये रशियन फौजेने मारिएनबर्ग घेतलं. आज ते लॅटव्हियात आहे, आलुक्स्ने नावाने. तिथल्या पाद्री ग्ल्यूकच्या घरची मोलकरीण मार्ता स्काव्रोन्स्काया कैदेत आली. फील्ड मार्शल शेरेमेत्येव्हच्या छावणीतून ती मेन्शिकोव्हच्या घरात गेली, आणि मेन्शिकोव्हच्या घरात पीटरच्या नजरेस पडली. १७१२ मध्ये झारने तिच्याशी उघड लग्न केलं. तीच कॅथरीन पहिली. एकाच तळातून वर आलेली ही दोन माणसं एकमेकांना शेवटपर्यंत विसरली नाहीत. पीटरची काठी मेन्शिकोव्हच्या पाठीवर पडायला लागली, की कॅथरीन मध्ये पडायची.

इथे जरा थांबून नेवाच्या काठावरच्या त्याच्या वाड्याबद्दल सांगतो, कारण तो पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही. व्हासिलिएव्ह्स्की बेटावर १७१० मध्ये बांधायला घेतलेला हा वाडा म्हणजे शहरातल्या पहिल्या दगडी इमारतींपैकी एक. पीटरचा स्वतःचा उन्हाळी महाल अगदी बेताचा. त्यामुळे मोठ्या मेजवान्या, परदेशी वकिलांच्या भेटी सगळं मेन्शिकोव्हकडे चालायचं. १९८१ पासून हर्मिटाजने तिथे संग्रहालय ठेवलं आहे. मी गेलो त्या दिवशी आत मोजकी माणसं होती. अक्रोडाच्या लाकडाने मढवलेली खोली सुरेख आहेच, पण मी रेंगाळलो ते डच फरश्यांपाशी. तळहाताएवढ्या पांढऱ्या फरश्या, प्रत्येकीवर निळ्या रंगात वेगळं चित्र: गलबत, पवनचक्की, मेंढपाळ, पूल. भिंती भरल्याच आहेत, पण काही खोल्यांत छतसुद्धा त्यांनीच मढवलेलं. हॉलंडमध्ये या फरश्या भिंतीच्या तळाशी, नाही तर शेगडीभोवती लावत. छताला फरश्या लावायची हौस फक्त नवश्रीमंतालाच सुचावी. मान वर करून पाहताना मला त्या माणसाचा राग येण्याऐवजी लोभच वाटला.

हे पैसे आले कुठून? राजाने दिलेली जहागीर अफाट होती, पण त्याला ती पुरत नसे. १७१४ नंतर त्याच्या पुरवठ्याच्या ठेक्यांची चौकशी लागली. युक्रेनमधल्या पोचेपच्या इनामात मोजणी वाढवून कोसॅकांच्या जमिनी घशात घातल्याचं प्रकरण तर वर्षानुवर्षं चाललं. पीटर अशा बाबतीत दयामाया करणारा नव्हता. सायबेरियाचा गव्हर्नर गागारिन १७२१ मध्ये लाचखोरीबद्दल फासावर गेला. मेन्शिकोव्हवर तुटून पडलेला मुत्सद्दी शाफिरोव्ह १७२३ मध्ये स्वतःच दोषी ठरला, मान ठोकळ्यावर ठेवून झाली, कुऱ्हाड खाली आली ती शेजारच्या लाकडावर, आणि मग माफी वाचून दाखवण्यात आली. मेन्शिकोव्ह दंड भरत राहिला, काठी खात राहिला. १७२४ मध्ये युद्धखात्याचं अध्यक्षपद गेलं. आता मर्जी खप्पा झाल्यातच जमा होती. त्याला वाचवलं ते पीटरच्या मरणाने.

२८ जानेवारी १७२५. (तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या.) मला विचाराल, तर रशियाच्या अठराव्या शतकातली सगळ्यात महत्त्वाची रात्र ही. पीटर हिवाळी महालात शेवटच्या घटका मोजत होता. राजाने आपला वारस स्वतः नेमावा, असा कायदा त्यानेच १७२२ मध्ये केला होता, आणि नाव मात्र कोणाचंच लिहिलं नव्हतं. गादीचा नैसर्गिक हक्कदार म्हणजे नऊ वर्षांचा नातू, त्याचंही नाव पीटरच. पण त्याचा बाप, युवराज अलेक्सेई, १७१८ मध्ये छळाच्या चौकशीनंतर तुरुंगात मेला होता. त्याला मृत्युदंड देणाऱ्या निकालपत्रावर १२७ सह्या होत्या आणि पहिली सही मेन्शिकोव्हची होती. तो पोरगा गादीवर आला तर आपलं काय होईल, हे कळायला लिहितावाचता यावं लागत नव्हतं.

रात्रभर सरदार, सेनापती, मुत्सद्दी महालात जमले होते. गोलित्सिन, दोल्गोरुकी, फील्ड मार्शल रेप्निन अशी जुन्या खानदानांची माणसं नातवाच्या बाजूची. हवं तर कॅथरीनने पालक व्हावं, म्हणत होती. मेन्शिकोव्हने वाद घालण्याच्या आधी बंदोबस्त केला होता. गार्ड पलटणींचे अधिकारी कॅथरीनला भेटून गेले होते. थकलेला पगार मिळेल, असं तिने सांगितलं होतं. या शिपायांना ती परकी नव्हती. १७११ मध्ये प्रूत नदीकाठी तुर्कांनी वेढलेल्या छावणीत ती त्यांच्याबरोबर होती. पहाटे राजा गेला. दालनात बोलणी सुरू झाली, तर एका कोपऱ्यात गार्डचे अधिकारी उभे. म्हातारा मुत्सद्दी प्योत्र टॉलस्टॉय मुद्देसूद बोलत होता: राणीचा राज्याभिषेक गेल्या वर्षीच झाला आहे, आणि देशाला आज पोर नको, राज्य चालवणारा हवा. कोपऱ्यातून हुंकार येत होते. इतक्यात बाहेर चौकात ढोल वाजले. दोन्ही गार्ड पलटणी महालाभोवती उभ्या होत्या. माझ्या हुकुमाशिवाय यांना कोणी आणलं, असं रेप्निनने दरडावून विचारलं. गार्डचा लेफ्टनंट कर्नल बुतुर्लिनने शांतपणे सांगितलं, मी आणलं, महाराणींच्या इच्छेवरून, आणि त्यांची आज्ञा तुम्हालाही लागू आहे. त्यापुढे कोणी काही बोललं नाही. सचिव मकारोव्हला विचारलं, मृत्युपत्र आहे का? नाही, म्हणाला. सकाळ होते न होते तोच एका शेतकऱ्याची पोर, एके काळची मोलकरीण, रशियाची सम्राज्ञी झाली होती.

पुढची दोन वर्षं राज्य कॅथरीनच्या नावाने आणि कारभार मेन्शिकोव्हच्या हाताने चालला. फेब्रुवारी १७२६ मध्ये सर्वोच्च गुप्त मंडळ स्थापन झालं, त्यात पहिला मान त्याचाच. पण कॅथरीनची तब्येत ढासळू लागली, तशी त्याने दिशा बदलली. ज्या पोराला दूर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच गादी द्यायची आणि आपली लेक मारिया त्याला! टॉलस्टॉयने विरोध केला, तर ऐंशी उलटलेल्या वयात त्याची रवानगी सोलोव्हकी मठाच्या कैदेत झाली. पीटर्सबर्गचा पोलिसप्रमुख देव्हिएर हा तर मेन्शिकोव्हचा सख्खा मेहुणा. बहिणीला मागणी घालायला आला तेव्हा मेन्शिकोव्हने त्याला बडवून हाकललं होतं, पीटरच्या हुकमाने ते लग्न लागलं होतं. आता त्याचा छळ करून त्याला सायबेरियात धाडण्यात आलं. ६ मे १७२७ रोजी कॅथरीन गेली आणि पोरगा गादीवर बसला. २५ मे रोजी साखरपुडा झाला. नवरा अकरा वर्षांचा, नवरी पंधराची.

इथे मात्र गणित चुकलं, आणि ते असं. पीटरला मेन्शिकोव्हची गरज होती, कॅथरीनलाही होती. या पोराला शिकार हवी होती, बहीण नताल्या हवी होती, आणि मनमानी हवी होती. एकदा कारागिरांनी भेट म्हणून दिलेली ९,००० सोन्याची नाणी त्याने बहिणीकडे पाठवली, तर मेन्शिकोव्हने ती वाटेतच काढून घेतली, पोराला पैशाची किंमत काय कळणार, म्हणून! आयुष्यभर राजाचा मूड ओळखून जगलेल्या माणसाने ही चूक करावी? उन्हाळ्यात तो आजारी पडला. तेवढ्यात शिक्षक ओस्टरमान आणि शिकारीचे सोबती दोल्गोरुकी यांनी मुलाला हाताशी धरलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ओरानियेनबाउमच्या नव्या चर्चचा समारंभ होता. राजा आलाच नाही. ८ सप्टेंबरला मेन्शिकोव्ह नजरकैदेत गेला. आधी रानेनबर्गला, मग एप्रिल १७२८ मध्ये सगळी मालमत्ता जप्त करून थेट सायबेरियात, बेर्योझोव्हला. बायको दार्या रडून रडून आंधळी झाली होती; कझानजवळ वाटेतच ती गेली.

बेर्योझोव्हमध्ये त्याने दाढी वाढवली, पीटरने कापायला लावलेली तीच दाढी. ॲमस्टरडॅमला शिकलेली सुतारकी कामी आली. एक छोटं लाकडी चर्च त्याने स्वतःच्या हातांनी उभारलं. नोव्हेंबर १७२९ मध्ये तो वारला, पुढच्याच महिन्यात मारिया. वसिली सुरिकोव्हचं १८८३ चं चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह दालनात आहे. बुटकं छत, बर्फ धरलेली छोटी खिडकी, जमिनीवर अस्वलाचं कातडं, तीन मुलं आणि मध्ये हा धिप्पाड म्हातारा. उभा राहिला तर डोकं छताला आपटेल, अशी टीका तेव्हा झाली होती. टीकाकारांना चित्रच कळलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या पायाशी काळा कोट पांघरून बसलेल्या मारियाचा पांढराफटक चेहरा चित्रकाराने स्वतःच्या पत्नीवरून रंगवला.

त्याला घालवणाऱ्यांचं काय झालं? १७३० च्या जानेवारीत, दोल्गोरुकींच्या मुलीशी लग्नासाठी ठरलेल्या दिवशीच, पीटर दुसरा देवीच्या रोगाने मेला. दोल्गोरुकी कुटुंब हद्दपार होऊन बेर्योझोव्हलाच गेलं. ओस्टरमान आणखी बारा वर्षं टिकला. १७४२ मध्ये त्यालाही तिथेच पाठवलं आणि १७४७ मध्ये तो तिथेच मेला.

लोक मेन्शिकोव्हला पीटरच्या मर्जीतला माणूस म्हणून ओळखतात. माझ्या लेखी त्याचं खरं कर्तृत्व पीटर गेल्यानंतरच्या त्या दोनचार तासांतलं आहे. राजा कोण, हे कायद्यापेक्षा महालाबाहेर उभी असलेली पलटण ठरवते, हे त्याने दाखवून दिलं. १७४१ मध्ये एलिझाबेथ आणि १७६२ मध्ये दुसरी कॅथरीन याच गार्ड पलटणींच्या जोरावर गादीवर बसल्या. १८०१ मध्ये सम्राट पॉलचा खून झाला, त्या कटातही गार्डचेच अधिकारी होते. रशियाला ही वाट मेन्शिकोव्हने दाखवली.