पुढची रांग उभी राहते तेव्हा

गोल झाला की कोल्हापुरात हलगी आधी कडाडते की माणसं आधी उठतात, हे मला पन्नाशी उलटली तरी सांगता येत नाही. मी आणि माझा मित्र एकाच पेठेतले, एकाच तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडत वाढलेले. पुढं मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मणक्याला मार बसला आणि तो व्हीलचेअरवर आला. तेव्हापासून मॅच घरी मोबाइलवर बघतो. मागच्या वर्षी मी लेकीकडे इंग्लंडला निघालो, तेव्हा त्यानं एकच काम सांगितलं.

"टीव्हीवर गोलच्या मागं व्हीलचेअरची एक लाइन दिसती बघ. तिथं जा आन बघून ये, गोल हुताना त्यांस्नी गोल दिसतोय काय."

"न दिसायला काय झालं?"

"अरं मर्दा, म्होरली सगळी उठत्यात की! आपण बसल्यालं. सगळी मॅच दिसती, आन ज्याच्यासाठी गेलो तेवढंच दिसत न्हाई. नुसत्या पाठी."

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. निम्मं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं. माझ्या हातून किती रॅम्प काढून झाले, त्याची मोजदाद नाही. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. म्हणून गेलो.

उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबला लेकीनं माझ्या वतीनं पत्र लिहिलं. मॅचच्या दिवशी सकाळी या, असं उत्तर आलं. शनिवार होता, मॅच दुपारी तीनची. मी साडेअकराला पोहोचलो. रस्त्यावर बर्गरच्या गाड्या लागलेल्या, तव्यावर कांदा परतला जात होता. ओली हवा आणि कांद्याचा तो वास एकत्र नाकात शिरला आणि मला थेट मैदानाबाहेरची भज्यांची गाडी आठवली. पुढं तीन तास तो वास माझ्याबरोबर लिफ्टमधून, बोळांतून, गॅलरीपर्यंत येत राहिला.

माझ्या सोबतीला एक बाई दिल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, पिवळ्या कोटातल्या. तिकडं अशा माणसांना स्टुअर्ड म्हणतात. चौदा वर्षं व्हीलचेअरच्या ओट्याची जबाबदारी त्यांच्याकडं. त्यांनी लिफ्ट खालीवर करून पाहिली, स्वच्छतागृहातल्या, मदतीसाठी ओढायच्या लाल दोऱ्या जमिनीपर्यंत लोंबताहेत ना हे तपासलं, चहाचा बुटका काउंटर उघडून घेतला. या गोष्टी त्या न बोलता, भरभर उरकत होत्या. मग कोपऱ्यातून त्यांनी एक रिकामी घडीची व्हीलचेअर काढली.

त्यानंतर जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिल्या जागेवर त्यांनी खुर्ची उघडली, ब्रेक लावला आणि स्वतः तिच्यात बसल्या. पुढच्या रांगेत त्यांचा एक तरुण सहकारी होता, सहा फुटांहून उंच. त्याला म्हणाल्या, "उभा राहा." तो उभा राहिला. "हात वर." त्यानं गोल झाल्यासारखे दोन्ही हात वर केले. बाईंनी डावीकडचा कॉर्नरचा झेंडा पाहिला, दोन्ही गोलखांब पाहिले, उजवीकडचा झेंडा पाहिला. मान हलवली. ब्रेक काढला आणि पुढच्या जागेवर गेल्या. पुन्हा ब्रेक, पुन्हा "उभा राहा", पुन्हा "हात वर". त्या ओट्यावर बावीस जागा होत्या. बावीसच्या बावीस त्यांनी तशा तपासल्या. रिकाम्या स्टेडियममध्ये तो पोरगा बावीस वेळा हात वर करून उभा राहिला आणि एकदाही हसला नाही.

"प्रत्येक मॅचला?" मी विचारलं.

"प्रत्येक मॅचला. मधल्या दिवसांत कुणीतरी जाहिरातीची पाटी लावून जातं, कुणी कठड्याची दांडी बदलतं. नकाशात सगळं ठीक असतं. मी बसल्यावरच कळतं." मग खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "एकशे पंधरा."

मला कळलं नाही. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, मला खुर्चीत बसवलं आणि जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंत ताणली. ११५ सेंटिमीटर. बाईंचेही तेवढेच येत होते. "लहान मुलं, वाकून बसणारे यांचे याहून कमी. पण मी एकशे पंधरा लक्षात ठेवते. जगाकडं इथून बघायचं."

त्या रात्री लेकीच्या घरी कागद घेऊन बसलो. उभ्या माणसाची उंची १७५ सेंटिमीटर धरली. बसलेल्याचे डोळे ११५ वर. फरक ६०. म्हणजे ओटा ६० सेंटिमीटर उंच केला की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण नजर आडवी जात नाही, ती मैदानाकडं उतरत जाते. वीस अंशांचा उतार आणि पुढचा माणूस दीड मीटरवर धरला, तर तेवढ्या अंतरात नजर आणखी ५५ सेंटिमीटर खाली येते. साठ आणि पंचावन्न, एकशे पंधरा. डोळे जेवढे उंच, ओटाही तेवढाच उंच हवा. माझ्या आकड्यांचा हा योगायोग, दुसऱ्या गॅलरीत तो जुळणार नाही. पण साध्या गॅलरीतली एक पायरी साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरची असते. म्हणजे तीनेक पायऱ्यांची उंची एकाच ओट्यात उचलायची, आणि त्याच्या मागं बसणाऱ्यांचीही नजर अडू द्यायची नाही.

स्टेडियमचे नकाशे काढणारे लोक नजर मोजतातच. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून किती उंचीनं सुटते, त्याला ते सी-व्हॅल्यू म्हणतात. ९० मिलिमीटर म्हणजे चांगली, ६० म्हणजे चालण्यासारखी. सगळी गॅलरी या चार बोटांवर उभी असते. पण हे गणित पुढचा माणूस बसलेला आहे असं धरून मांडलेलं असतं. फुटबॉलच्या मैदानात पुढचा माणूस बसत नाही. तो खुर्चीचे पैसे देतो आणि उभा राहतो.

मग या खुर्च्या ठेवायच्या कुठं? एका व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर बाय १४० सेंटिमीटर जागा लागते. साध्या तीन खुर्च्यांची. शेजारी सोबत्याची खुर्ची, मागं वळायला बोळ. मालकाच्या हिशेबात हे सगळं तोट्यात धरलं जातं, म्हणून जागा शोधली जाते ती उरलेली. एक म्हणजे अगदी खाली, मैदानालगत. तिथं पाऊस थेट अंगावर येतो, वॉर्मअप करणारे राखीव खेळाडू आणि सुरक्षारक्षक आडवे येतात आणि पलीकडचा गोल सपाट रेषेसारखा दिसतो. दुसरी म्हणजे खालच्या मजल्याच्या अगदी शेवटी, वरच्या गॅलरीच्या पोटाखाली. तिथं पाऊस लागत नाही, पण उंच उडालेला चेंडू छतात गडप होतो, आणि चाहत्यांचं गाणंही पुढंच राहतं. तिसरी म्हणजे कोपऱ्यातला वेगळा कठडा, जिथं चाहत्यांच्या गर्दीशी काही संबंध उरत नाही. तिन्हीकडं रॅम्प असतो, आणि कागदावर तिन्ही जागा सुगम्य असतात.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न एका मोठ्या दुखण्याच्या पोटातून आलेला आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल समर्थकांचे जीव गेले. जानेवारी १९९० मध्ये टेलर अहवाल आला आणि वरच्या स्तरांतल्या मैदानांत सगळ्यांना खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या, माणसं मात्र उठतच राहिली. सुगम्य मैदानांविषयीच्या २००३ च्या मार्गदर्शिकेनं नव्या मैदानांसाठी व्हीलचेअरचे आकडे ठरवून दिले. ४० हजारांच्या पुढं २१० जागा, आणि वरच्या दर हजारी आणखी दोन. म्हणजे ५० हजारांच्या मैदानात २३०. प्रीमियर लीग या जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल लीगमध्ये २०१४ साली बीबीसीनं मोजणी केली, तेव्हा वीसपैकी सतरा क्लब या शिफारशीत कमी पडत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये लीगनं ऑगस्ट २०१७ पर्यंत सुधारू असा शब्द दिला. मुदत संपली तेव्हाही सगळ्यांनी तो पाळलेला नव्हता.

पैसा नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. इच्छा नव्हती, असं मी म्हणतो.

बाईंनी त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक आठवण सांगितली. पाहुण्या संघाच्या गॅलरीत व्हीलचेअरला जागाच नव्हती. त्यामुळं पाहुण्यांचा एक म्हातारा समर्थक यजमानांच्या ओट्यावर बसवावा लागे. गळपट्टी कोटाच्या आत. त्याच्या संघानं गोल केला की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरी. "मी त्याच्या शेजारी उभी राहायचे," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्याकडं बघायचे नाही." पुढं क्लबनं पाहुण्यांच्या बाजूला ओटा बांधला, पण तोवर तो म्हातारा यायचा बंद झाला होता. आपल्याच गोलाला हात दाबून बसायला लागणं काय असतं, हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या माणसाला मी वेगळं सांगायची गरज नाही.

त्या सकाळच्या तपासणीत शेवटच्या जागेवर बाई बसल्या तेव्हा त्यांची मान हलली नाही. नव्यानं बसवलेल्या कठड्याची दांडी नेमकी गोलरेषेवर आडवी येत होती. त्यांनी वहीत लिहिलं. मागच्या तीन मॅचच्या पानांवरही तेच लिहिलेलं होतं. ती जागा विकू नका असं त्यांनी सांगितलं होतं, तरी विकली होती.

तीन वाजता मैदान भरलं. ओटा गोलच्या मागं, गाणाऱ्या लोकांच्या मधोमध होता, आणि हीच या क्लबची खरी कमाई. उतरतं छत आवाज परत खाली ढकलत होतं, त्यामुळं गाणं पुढून निघून पाठीवर येऊन आदळत होतं. पुढच्या रांगांत खुर्च्यांच्या पाठीला पोलादी कठडे होते, धरून उभं राहण्यासाठी. २०२२ पासून इंग्लंडमध्ये वरच्या दोन स्तरांत अशा उभ्या जागांना पुन्हा परवानगी मिळाली आहे. तिची एक अट मला फार मोलाची वाटते : उभ्या राहणाऱ्यांमुळं इतरांची, अपंग प्रेक्षकांची धरून, नजर अडता कामा नये. उभं राहणं नियमात आलं म्हणून त्यामागच्या ओट्यावरून दिसलं पाहिजे, हेही नियमात आलं. माणसं उठणारच हे एकदा मान्य केलं की गणित खरं मांडता येतं.

ओट्यावर सोबत्याची खुर्ची मागं नव्हती, शेजारी होती. माझ्या पुढं बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा विजेच्या खुर्चीत, आणि त्याला लागून त्याचा मोठा भाऊ. दोघं एकच चिप्सचा डबा खात होते. व्हिनेगरचा वास येत होता, पाऊस सुरू झाला होता.

उत्तरार्धात कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, आणि पुढच्या रांगा एकदम उठल्या. मी मैदानाकडं पाहिलं नाही. मी ओट्यावरच्या चेहऱ्यांकडं पाहत होतो, त्यासाठीच गेलो होतो. नजरा सगळ्या एका बिंदूवर होत्या. त्या डावीकडून मध्ये आल्या, थांबल्या, आणि चेहरे फुटले. भावानं मुलाच्या खांद्यावर असा हात मारला की चिप्स उडाले. फक्त शेवटच्या जागेवरचा माणूस मान तिरकी करून दांडीखालून बघत होता, आणि त्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा एक क्षण उशिरा आला. त्याला गोल शेजाऱ्यांकडून कळला होता.

बाईंनीही ते पाहिलं. वही काढून पुन्हा लिहिलं.

आपल्याकडं २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे. त्याचं ३० वं कलम खेळाच्या सोयी दिव्यांगांसाठी नव्यानं घडवा असं सांगतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा. ते नियम करणाऱ्यांना आणि महाराष्ट्रात कुठंही प्रेक्षागॅलरीचा नकाशा काढणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. रॅम्पचा एकास बारा उतार आपल्याला पाठ आहे, तो काढाच. पण सेक्शन काढताना पुढच्या रांगेतला माणूस उभा काढा. त्याचे हात वर काढा. मग मागच्या खुर्चीतून रेषा ओढा आणि ती गोलरेषेला लागते का बघा. आणि ती खुर्ची आपल्या माणसांत ठेवा.

परत आल्यावर मित्राला सगळं सांगितलं. बावीस जागा, बावीस वेळा वर झालेले हात, दांडी. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग पोराला हाक मारून मेजर टेप आणायला लावला आणि मला म्हणाला, "मोज."

एकशे बारा.